रोपं शेवटी आणा, आधी जागा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाल्कनी आहे, हौस आहे, अनुभव नाही. दोनदा रोपं आणली. आणली तेव्हा टवटवीत होती, महिना-दीड महिन्यात एकेक करत सगळी गेली. आता तिसऱ्यांदा सुरुवात करायची आहे, तर सहजासहजी न मरणारी झाडं कोणती, माती कोणती आणि खत कोणतं, याची यादी हवी आहे. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय, की माझ्या हातालाच गुण नाही बहुतेक.

हाताच्या गुणाचं राहू द्या. यादी देते, पण बरीच खाली, कारण आधी यादी आणि मग जागा अशा उलट्या क्रमानेच बहुतेकांची झाडं जातात. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात दोन गोष्टी कुठेच आलेल्या नाहीत: बाल्कनीत थेट ऊन किती तास येतं, आणि पाणी घालायची वेळ झाली हे तुम्ही कशावरून ठरवता. रोपवाटिकेत माझ्याकडे मेलेल्या झाडाचा फोटो घेऊन लोक येतात तेव्हा मी आधी याच दोन गोष्टी विचारते, आणि बहुतेक वेळा तिसरा प्रश्न विचारायची वेळच येत नाही. माती आणि खताचा नंबर त्यानंतर बराच खाली लागतो. रोपं विकणाऱ्या बाईने ‘आठवडाभर काही विकत घेऊ नका’ म्हणावं हे धंद्याला धरून नाही, पण माझा सल्ला तोच आहे.

आधी उजेड. झाड कशावर वाढतं असं विचारलं तर सहज तोंडात येतं, मातीवर. सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हान हेल्मॉन्ट नावाच्या संशोधकाने हे तोलून पाहिलं होतं. सुमारे ९० किलो कोरडी माती कुंडीत भरली, तिच्यात सव्वादोन किलोंचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड ७६ किलोंच्या वर गेलं होतं, आणि माती वाळवून पुन्हा तोलली तेव्हा ती कमी भरली जेमतेम ५०-६० ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. तो अर्धाच बरोबर होता. झाडाच्या अंगाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि पाण्यातून तयार होतो, आणि ते घडवून आणणारी ऊर्जा उजेडातून येते. मातीतून येणारे क्षार लागतात, पण फार थोडे. म्हणून उजेड कमी असलेल्या कोपऱ्यात खत दुप्पट केलं तरी झाड दुप्पट वाढत नाही. न वापरलेलं खत मातीत साचतं आणि मुळांनाच त्रास देतं.

अडचण अशी की उजेड मोजायला आपले डोळे कामाचे नाहीत. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. घरात खिडकीपासून दोन-तीन मीटर आत, जिथे दिवा न लावता आरामात वाचता येतं, तिथे तो काहीशे लक्सवर आलेला असतो. डोळे स्वतःला जुळवून घेतात, त्यामुळे एवढा फरक आपल्याला जाणवतही नाही. झाडाला ती सोय नाही. ‘घरात भरपूर उजेड आहे’ हे वाक्य मी रोज ऐकते आणि त्यावर कधीच विसंबत नाही.

तेव्हा स्वच्छ उन्हाचा एक दिवस घ्या आणि सकाळपासून तासातासाला बाल्कनीत डोकावून वहीत टिपून ठेवा. कुंडी नेमकी जिथे ठेवणार आहात तिथलं ऊन बघा, ‘बाल्कनीत’ असं ढोबळ नको. कठडा भरीव असेल तर वर चार तास ऊन आणि खाली जमिनीलगत एकही नाही, असं सर्रास असतं. थेट ऊन पडत नसेल तर पांढऱ्या कागदावर वीतभर उंचीवरून हात धरा. सावलीची कड रेखीव दिसली तर उजेड चांगला, नुसता धूसर डाग दिसला तर मध्यम, आणि सावलीच पडत नसेल तर ती जागा झाडांसाठी अंधारीच समजा. मोबाइलमधली लक्स मोजणारी ॲपही अंदाजापुरती चालतात.

आठवडाभर थांबा म्हणण्याचं कारण हेच. एका दिवसात आकडा मिळतो, पण समोरच्या इमारतीची सावली, वाऱ्याचा झोत, दुपारी तापणारी भिंत या गोष्टी चार-पाच दिवसांत लक्षात येतात. शिवाय सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते. आज सहा तास ऊन असलेली जागा चार महिन्यांनी दोन तासांवर येऊ शकते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची बाल्कनी जास्त उन्हाची, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडची, हा नियम खरा असला तरी शेजारच्या भिंतीला तो ठाऊक नसतो. प्रत्यक्ष दिसेल ते खरं.

तासांचा हिशोब ढोबळ मानाने असा: सहा किंवा जास्त तास थेट ऊन असेल तर फळं आणि फुलं देणारी झाडं. तीन-चार तास असतील तर पालेभाज्या आणि पुदिन्यासारखी पानांसाठी लावायची झाडं. थेट ऊन नाही पण रेखीव सावली पडते, तर पानांच्या शोभेची झाडं. त्याहून कमी असेल तर वाढीचे दिवे लावा, नाहीतर तो कोपरा खुर्चीला द्या. मात्र सकाळचे तीन तास आणि दुपारचे तीन तास सारखे नसतात. दुपारच्या उन्हात, तेही सिमेंटच्या भिंतीला खेटून, नाजूक पानं करपतात. वरच्या मजल्यावर वारा जास्त, म्हणून माती लवकर वाळते. इथे ‘तुमच्याकडे कसं आहे’ यावर बरंच अवलंबून आहे आणि ते तुम्हालाच बघावं लागेल.

आता पाणी. तुमची रोपं कशाने गेली हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण त्यातली एखादी कुंडी अजून तशीच पडून असेल, आणि रोप जाऊन फार दिवस झाले नसतील, तर ती फेकू नका. कुंडी आडवी करा, कडेला चार थापट्या मारा आणि मातीचा गोळा अख्खा बाहेर काढा. गोळा आक्रसून कुंडीपासून सुटलेला, माती खडखडीत आणि मुळं काडीसारखी मोडत असतील, तर झाड तहानेने गेलं. मुळं तपकिरी-काळपट, बुळबुळीत असतील, चिमटीत धरून हलकं ओढल्यावर वरचं आवरण सुटून बोटांत येत असेल आणि आत नुसता बारीक धागा उरत असेल, तर ती कुजली. तळाची माती नाकाजवळ न्या. गटारासारखा वास आला तर शंकाच नको. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट असतं आणि दाबल्यावर टणक लागतं.

मुळं कुजतात ती पाण्याने नव्हे, गुदमरून. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यातून त्यांना ऑक्सिजन मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की ऑक्सिजन मुळापर्यंत पोहोचतच नाही, कारण हवेपेक्षा पाण्यात तो सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मुळं कमजोर झाली की पिथियम, फायटोप्थोरा असले ओल्यात फोफावणारे बुरशीसारखे जीव त्यांच्यावर चढतात आणि उरलेलं काम पुरं करतात.

आणि खरा घात पुढे होतो. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं माना टाकतात. दिसायला अगदी तहानलेल्या झाडासारखी. मालक काय करतो? आणखी पाणी घालतो. पानं मलूल दिसली की आधी मातीत बोट घाला. माती कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर हात आवरा, कुंडी सावलीत आणि वाऱ्याला ठेवा. कडक दुपारी माती ओली असूनही मोठ्या पानांची झाडं थोडी मलूल होतात, संध्याकाळी आपोआप सावरतात. त्यांना दुपारी काही करू नका.

‘किती दिवसांनी पाणी घालू’ या प्रश्नाला म्हणूनच मी उत्तर देत नाही. तेच झाड, तीच कुंडी, पण ढगाळ आठवड्यात चार दिवस ओली राहील आणि वारा सुटला की एका दिवसात वाळेल. रोज बघायचं, गरज असेल तेव्हाच घालायचं. बोटाची दोन पेरं आत घालून बघा. वरचा थर फिकट दिसला तरी खाली पुरेशी ओल असते, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घातलेल्या मातीत तर हमखास. यापेक्षाही बरी पद्धत वजनाची. पाणी घातल्यावर कुंडी उचलून बघा, दोन दिवसांनी पुन्हा उचला. आठवड्याभरात हाताला बरोबर कळायला लागतं.

घालाल तेव्हा मात्र पोटभर घाला, तळाच्या भोकांतून पाणी बाहेर येईपर्यंत, आणि बशीत साचलेलं अर्ध्या तासाने ओतून टाका. रोज थोडं थोडं शिंपडण्याची सवय वाईट. वरचा बोटभर थर सतत ओला, खालची मुळं कोरडी, आणि क्षार धुऊन न जाता मातीत साचत राहतात. कधी कधी पाणी घातल्याबरोबर ते खालून धो धो येतं. याचा अर्थ माती भिजली असा नाही. वाळून आक्रसलेल्या गोळ्याच्या आणि कुंडीच्या मधल्या फटीतून ते निसटलेलं असतं. अशी कुंडी अर्धा तास बादलीतल्या पाण्यात ठेवा. कोरफडीसारख्या मांसल पानांच्या झाडांची माती पूर्ण वाळू द्यायची, फर्नची कधीच वाळू द्यायची नाही. बाकीची बहुतेक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: जागेचं ऊन मोजा, त्याप्रमाणे झाडाचा प्रकार ठरवा, पाणी माती बघून घाला, आणि पानं मलूल झाली की झारीच्या आधी बोट. एवढं जमलं तर माती आणि खताकडे वळायला हरकत नाही, आणि ते प्रकरण फारसं मोठं नाही.

कुंडीला तळाशी भोक हवंच. ‘खाली खडे टाकले की निचरा होतो’ हा समज मात्र सोडा. सपाट धरलेला ओला स्पंज ठिबकायचा थांबला की तो उभा करा, आणखी पाणी निथळतं. कारण स्पंज असो वा माती, तळाशी ठरावीक उंचीचा थर चिंब राहतोच. स्तंभ जितका उंच, तितका वरचा मोकळा भाग जास्त. कुंडीत खडे भरून तुम्ही मातीची उंची कमी करता, चिंब थर आहे तेवढाच राहतो, फक्त वर सरकून मुळांच्या जवळ येतो. भोकातून माती वाहू नये म्हणून जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरे.

जमिनीतली माती जशीच्या तशी कुंडीत भरली तर दोन-तीन महिन्यांत ती दबून वीट होते. मी नवख्यांना एक साधं मिश्रण सांगते: एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. हवा दमट असेल किंवा पाणी घालताना तुमचा हात सैल असेल तर कोकोपीट अर्धं करून तेवढी जाडसर वाळू घाला. कोकोपीट वापरण्याआधी भिजवून एक-दोनदा पिळून घ्या, त्यात क्षार असू शकतात, आणि त्यात स्वतःचं पोषण जवळजवळ नसतं हेही लक्षात ठेवा. मूठभर ओलसर मिश्रण घट्ट दाबून सोडा आणि अंगठ्याने टोचा. गोळा भुसभुशीत फुटला तर ठीक. चिकट लाडू तसाच राहिला तर माती जास्त झाली.

कुंडी फार मोठी घेऊ नका. लहान रोपाला मोठी कुंडी दिली की मुळं नसलेली माती आठवडाभर ओलीच राहते आणि कुजण्याला निमंत्रण मिळतं. सध्याच्या पिशवीपेक्षा दोन-तीन बोटं रुंद पुरते. भाज्यांचं वेगळं, त्या झपाट्याने वाढतात: पालेभाज्यांना १५-२० सेंटीमीटर खोली चालते, मिरचीला साधारण १० लिटर, टोमॅटोला १५-२० लिटर माती द्या.

खताबद्दल थोडक्यात. वरच्या मिश्रणात कंपोस्ट आहे, त्यामुळे पहिला महिना काहीही देऊ नका. नंतर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत वरच्या थरात मिसळा, किंवा द्रवखत पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्ध्या प्रमाणात द्या. कोरड्या मातीत किंवा आजारी झाडाला खत द्यायचं नाही. पानांची टोकं तपकिरी होणं, मातीवर पांढरी खपली येणं ही बहुतेकदा खत किंवा क्षार जास्त झाल्याची लक्षणं असतात. अशा वेळी साधं पाणी भरपूर घालून माती धुऊन काढा. पिवळं पान बघून घाबरून जाऊ नका, पण कुठलं पान पिवळं पडतंय ते बघा. खालची जुनी पानं सगळीच फिकट होत असतील तर नत्र कमी पडत असेल. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नसेल. आणि माती सतत ओली असेल तर या दोन्ही लक्षणांचं मूळ पाण्यात असू शकतं, खताच्या डब्यात नव्हे.

आता तुमची यादी. पहिल्या खेपेला चार-पाच कुंड्या, जास्त नाही. थेट ऊन नसेल तर मनीप्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट, झीझी प्लांट. यातली मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि झीझी चावली तर विषारी, तेव्हा रांगतं मूल किंवा मांजर असेल तर ती उंचावर ठेवा, किंवा फक्त स्पायडर प्लांट घ्या. तीन-चार तास ऊन असेल तर पुदिना, पालक, लेट्यूस, कोथिंबीर. पुदिना वेगळ्या कुंडीत लावा, तो शेजाऱ्याला जगू देत नाही. सहा तास असेल तर सदाफुली, झेंडू, मिरची, घेवडा. चेरी टोमॅटोही चालेल, पण त्याला आधाराची काठी आणि पाण्यात सातत्य लागतं. काकडी, भोपळ्याच्या वेलांचा मोह या खेपेला आवरा. त्यांची नर-मादी फुलं वेगळी असतात, सुरुवातीला बहुतेक नरफुलंच येतात आणि गळून पडतात, आणि तुम्ही पुन्हा स्वतःच्या हाताला दोष देत बसाल. वर मधमाश्या तुमच्या मजल्यापर्यंत आल्या नाहीत तर परागीकरणही ब्रश घेऊन तुम्हालाच करावं लागेल.

बी पेरायचं की रोप आणायचं? दोन्ही करा. रोपाने हिरवं लगेच दिसतं. बियांनी शिकायला मिळतं, आणि चुकलं तरी हळहळ वाटत नाही. मुळा, घेवडा आणि झेंडू यांपासून सुरुवात करा. मुळा तीन-पाच दिवसांत उगवतो आणि छोट्या गोल लाल जाती महिन्याभरात काढायला येतात. मिरचीचं बी मात्र दोन-दोन आठवडे ढिम्म बसतं, ते उकरून बघू नका. खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, एवढंच सूत्र. मुळा, गाजर, कोथिंबीर यांचं मूळ सरळ खाली जातं, त्यांना जागेवरच पेरा, उचलून लावू नका. अंकुर लांबट, फिकट आणि उजेडाकडे वाकलेले दिसले तर त्यांना खत नाही, उजेड हवाय.

रोपवाटिकेत गेलात की फुलांनी लगडलेलं रोप उचलण्याचा मोह होतो. आम्ही तेच पुढे मांडतो, साहजिक आहे. तुम्ही बुटकं, फुटवे असलेलं, कळ्या नुकत्या धरू लागलेलं रोप मागा. पानं उलटून बघा: कापसासारखे पुंजके, बारीक जाळी किंवा चिकटपणा दिसला तर ठेवून द्या. आमच्याकडे रोपं बहुधा हिरव्या जाळीखाली असतात, म्हणून घरी नेल्या नेल्या कडक उन्हात ठेवू नका. आठवडा-दहा दिवसांत एकेक तास वाढवत न्या. कुंडीही पहिल्या दिवशी बदलू नका. आठवडाभर रुळू द्या, मग संध्याकाळच्या वेळी बदला. पिशवीतून काढल्यावर मुळांचं वेटोळं दिसलं तर बोटांनी हलकं मोकळं करा. पहिल्या दोन आठवड्यांत जुनी पानं गळतील. शेंड्याला नवा कोंब दिसतोय तोवर काही बिघडलेलं नाही.

किडी येणारच. मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी ही नेहमीची मंडळी. आठवड्यातून एकदा पानांची मागची बाजू बघितलीत तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा ओल्या फडक्याने निभावतं. वाढलं तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारा, आधी एका पानावर करून बघा, आणि आठवड्याने पुन्हा करा. एका फवाऱ्यात किडी संपत नाहीत, अंडी उरतात.

आणखी एक विचाराल म्हणून आधीच सांगते: चार-पाच दिवस बाहेरगावी जायचं असेल तर कुंड्या भरपूर भिजवा, निथळू द्या आणि उन्हातून उचलून सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, वर वाळलेल्या पानांचा थर पसरा. शेजाऱ्याला किल्ली देणार असाल तर ‘रोज पाणी घाल’ असं सांगू नका. बोट घालून बघायला सांगा.